हसण्यावारी

आमच्याकडे, म्हणजे कोटा-झालावाडच्या बाजूला, वरात एकदा नवरीच्या गावाला निघाली, की नवरदेवाच्या घरात पुरुष म्हणून उरत नाही. उरतात त्या बायका, आणि त्या मग टूंटिया करतात. एक बाई धोतर नेसून, फेटा बांधून, काजळाच्या मिशा काढून बींद, म्हणजे नवरदेव होते, दुसरी तिची बींदणी. खोटं लग्न लागतं, खोटी पहिली रात्र होते, खोटं बाळंतपण होतं. आणि जे एरवी नवऱ्याच्या कानातही सांगायची सोय नाही, ते सगळं ढोलकीच्या तालावर अंगणात गाऊन सांगितलं जातं. त्या संध्याकाळी सासू सुनेला जे बोलते, ते दुसऱ्या दिवशी बोलली तर घर मोडेल. एखादा पुरुष चुकून मागे राहिलाच, तर बायका त्याला लाटण्याने झोडून वेशीबाहेर काढतात.

या खेळात कजोडीबाईचा हात धरणारी बाई आसपासच्या गावांत नव्हती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने हिचं नाव उकिरड्यावरून ठेवलं, देवाची दृष्ट लागू नये म्हणून. देवाचं माहीत नाही, पण माणसांचं तिच्याकडे चांगलंच लक्ष होतं. लग्न ठरलं की मुहूर्ताआधी तिला निरोप जायचा, "कजोडी मोकळी आहे ना?" तिने नुसता फेटा सारखा केला तरी बायका पोट धरून हसायच्या. बींद होऊन ती बींदणीच्या मागे जशी लागायची, जी गाणी म्हणायची, ज्या खुणा करायची, ते इथे लिहिता येणार नाही. लाजेपोटी नव्हे. लिहिल्यावर त्यातली मजा जाते, एवढंच.

आता खरं सांगायचं तर हीच कजोडी आपल्या घरात, आपल्या खाटेवर, लाकडासारखी पडून राहायची. छीतर, म्हणजे तिचा नवरा, वाईट माणूस नव्हता. मारायचा नाही, प्यायचा नाही. काय ते उरकायचा आणि कुशीवर वळायचा. तेवढ्या वेळात कजोडी उद्याच्या भाकरीचं पीठ आहे का, म्हैस कधी आटेल, लसणाला पाणी कुणी द्यायचं, याचा विचार करून ठेवायची. दुखायचं, तर दात दाबून धरायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हे असंच. जिच्या तोंडून निम्म्या तालुक्याच्या बायकांनी त्या सुखाची वर्णनं ऐकली, तिला ते सुख कसं असतं याचा पत्ता नव्हता. आणि याचं तिला वाईटही वाटत नसे. वाईट वाटायला आधी काहीतरी वाटावं लागतं.

पाळी जाऊन तिला बरेच दिवस झाले होते. सुटले, असं म्हणून तिने माताजीला नारळही फोडला होता. आणि सोयाबीनच्या दिवसांत एकदा छीतर कुशीवर वळल्यावर तिला चादरीवर लाल दिसलं. पुढच्या खेपेलाही दिसलं. मग तर प्रत्येक खेपेला. तिने छीतरला सांगितलं. तो म्हणाला, "उष्णता झाली असेल. ताक पी." ती ताक प्यायली. मग तो म्हणाला, "म्हातारपणी तरणी झालीस की काय?" आणि स्वतःच हसला.

मग तिने जावेला सांगायचं ठरवलं. नोजीबाई ही तिची थोरली जाऊ, जेठाची म्हणजे थोरल्या दिराची बायको. चुली वेगळ्या, अंगण एक. नोजी रागीट, कामाला वाघीण, आणि टूंटियात कायमची डॉक्टर. गळ्यात दोरीला बांधलेली तांब्याची झाकणी अडकवून ती बींदणीला तपासायची, ते बघायला बायका शेजारच्या गावांतून यायच्या. कजोडी तिला जीजी म्हणायची, आणि जगात कुणी आपलं ऐकेल तर ही, असं तिला वाटायचं.

फाल्गुनात धण्याची काढणी पहाटे करावी लागते. ऊन चढलं की दाणे गळतात. दवात भिजलेल्या बोटांनी दोघी जणी झुडपं उपटत होत्या. आसपास कुणी नव्हतं. कजोडी म्हणाली, "जीजी, मला खालून रक्त जातंय."

"कुठून?"

"खालून. ते जवळ आले की जातं."

नोजीने कंबर सरळ केली, तिच्याकडे बघितलं आणि खो खो हसत सुटली. "अगं मेले! दिराने असं केलंन तरी काय? एवढा जोर आहे होय त्याच्यात? दिसत नाही हो वरून!"

"खरं सांगतेय."

"सांग, सांग. पण हे टूंटियात सांग. इथे धण्याला सांगून काय उपयोग? धणे हसतात होय?"

नोजी हसतच पुढच्या सरीला गेली. कजोडी तिच्या मागोमाग गेली, कारण काढणी राहिली होती. तिला राग आला नाही. तिने मनाशी एवढंच म्हटलं, की जन्मभर मी याच गोष्टींवर लोकांना हसवलं, आता हसू नका म्हणून सांगायला तोंड कुठून आणू?

त्याच महिन्यात, फुलेरा दूजेच्या मुहूर्ताला, गावात मीणांच्या घरी लग्न होतं. वरात चार वाजता गेली. दिवेलागण व्हायच्या आत अंगण बायकांनी भरलं, ढोलकी आली, लापशीची परात फिरली. सगळ्या कजोडीच्या मिशांची वाट बघत होत्या. पण कजोडी आली ती साध्या घागऱ्यात, आणि म्हणाली, "आज मी बींद नाही. आज मी आजारी. डॉक्टरला बोलवा."

बायकांना वाटलं, नवीन काहीतरी आहे. सगळ्या सरसावून बसल्या. नोजी झाकणी सावरत आली, नाकावर नसलेला चष्मा ढकलला आणि खाटेच्या कडेला टेकली.

"काय होतंय बाई?"

"डॉक्टरसाहेब, खालून रक्त जातं."

पहिला हशा तिथेच पडला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "वरून जात नाही ना, मग ठीक आहे!"

"कधी जातं?" नोजीने झाकणी कजोडीच्या पोटावर ठेवली.

"नवरा जवळ आला की."

"मग नवऱ्याला तपासायला हवं. आण त्याला. कपडे काढून आण!"

आता बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एका म्हातारीचा दात लापशीत पडला आणि त्यावर वेगळा हशा झाला. कजोडी बोलत राहिली. दुखतं म्हणाली. आग होते म्हणाली. पाळी जाऊनही कापड बांधावं लागतं म्हणाली. एकेक वाक्य खरं, आणि एकेका वाक्याला ढोलकी वाजली. ढोलकीवालीने तर त्यातल्या एका ओळीला चाल लावली आणि सगळ्यांनी ती उचलली. शेवटी कजोडी खाटेवर उठून बसली, दोन्ही हात वर केले आणि मोठ्याने म्हणाली, "अगं, मी खेळत नाहीये. हे माझं आहे. माझं रक्त जातंय."

ढोलकी थांबली. मग मघाचीच म्हातारी बोळक्या तोंडाने म्हणाली, "काय तोंड करतेय बघा! जशी खरीच!" आणि अंगण पुन्हा फुटलं. इतकं कजोडीच्या कुठल्याच खेळाला कुणी हसलं नव्हतं.

कजोडी खाटेवर पडून राहिली. आता तिला आत काहीच जाणवत नव्हतं, फक्त पोटावरची झाकणी थंड लागत होती. नोजी तिच्यावर वाकली. डॉक्टरच्या बतावणीत वाकावं लागतं तशीच वाकली. पण बोलली ती हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं.

"वास येतो का?"

कजोडीने डोळे उघडले.

"नाही," ती म्हणाली.

नोजी सरळ झाली आणि बायकांकडे वळून ओरडली, "हिला काही झालेलं नाही! हिला रोज पावशेर तूप द्या आणि नवऱ्याला उपाशी ठेवा!" ढोलकी वाजली. कजोडी मात्र तिच्याकडे बघत राहिली. वासाचं तिने नोजीला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण तिला तो नव्हताच. ज्या बाईला काही होत नाही, तिला हा प्रश्न सुचेल कुठून?

दुसऱ्या दिवशी नोजी गोठ्यात शेण भरत असताना कजोडी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"जीजी, तुला आहे."

"काय?"

"वास."

नोजीने शेणाची पाटी खाली ठेवली नाही. "हळू बोल. भिंतीलाही कान असतात."

"किती दिवस झाले?"

"मोजले नाहीत. गेल्या दिवाळीच्या आधीपासून असेल." नोजी असं बोलली जसं म्हशीच्या गाभणपणाबद्दल बोलावं. "पांढरं जातं, लाल जातं, मधूनच काळं. कंबर ओढते. कुणाला कळलेलं नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठते, धुते, राखेने हात घासते. तुझ्या जेठजींनाही कळू दिलं नाही."

"मग दवाखान्यात चल. मी येते."

"आखातीज होऊ दे."

आखातीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नोजीच्या मुलाचं, हेमराजचं लग्न होतं. आता बाकीचं न सांगताही कजोडीला कळलं. रक्त जाणाऱ्या बाईला लग्नाआधी घरात बसवतात त्या विनायकाला हात लावता येत नाही. माताजीच्या पूजेला बसता येत नाही. नोजीचे भाऊ मायरा, म्हणजे भाच्याच्या लग्नाचा आहेर, घेऊन येणार होते. बहिणीला अंगणात पाटावर उभं करून चुनरी पांघरणार होते, आणि त्या दिवसासाठी नोजीने माहेरची किती बोलणी गिळली होती, ते कजोडीला ठाऊक होतं. वरात निघताना आई मुलाला ओढणीखाली घेऊन पदराशी लावते, शेवटचं दूध म्हणून. तेही दुसऱ्याच बाईने केलं असतं.

"दवाखान्यात गेलं की चार माणसांत कळतं," नोजी म्हणाली. "आणि कळलं की मला विटाळशीसारखं कोपऱ्यात बसवतील. माझ्या पोराच्या लग्नात मी कोपऱ्यात बसू? एवढे दिवस काढले, आखातीजेपर्यंत मरत नाही मी. आणि तू कुठे बोललीस ना कजोडी, तर या अंगणात मधोमध भिंत घालीन."

कजोडी गप्प बसली. पण स्वतःपुरती ती उठली. डोळे दाखवायला जाते असं छीतरला सांगून झालावाडच्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला सरळ. तिने तपासलं, हरभऱ्याएवढी एक गाठ चिमट्याने काढली, नळीत घालून तपासणीला पाठवली. पुढच्या आठवड्यात म्हणाली, "साधी आहे. तुमचं नशीब. पण पाळी गेलेल्या बाईला लाल दिसलं, तर ते कधीच साधं समजायचं नाही. दिसलं की यायचं. आणि घाणेरडा वास असेल तर त्याच दिवशी यायचं. वेळेत आलं तर बाई वाचते."

मग तिने हात धुता धुता विचारलं, "नवऱ्याजवळ दुखतं म्हणालात. कोरडेपणा असतो या वयात, मलम देते. पण आधी, तरुणपणी? तेव्हा बरं वाटायचं ना?"

कजोडीला असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने बराच वेळ विचार केला, जसा कुणी पत्ता विचारला तर करावा.

"बरं म्हणजे काय वाटायला हवं, बाई?" तिने विचारलं.

डॉक्टरीण हात पुसत राहिली. बाहेर पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं. "मलम रोज लावा," ती म्हणाली, "आणि पुढच्या वेळी निवांत या, आपण बोलू." कजोडी मलम घेऊन बसमध्ये बसली. घाटातल्या पळसाला फुलं आली होती, तिकडे ती बघत होती. आपल्याला रडायला यावं असं तिला वाटलं, पण आलं नाही.

पण डॉक्टरणीचे ते शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. त्याच दिवशी यायचं. नोजीने तर दिवाळीपासूनचे दिवस काढले होते. आता नोजी कामाला वाकली की भिंतीचा आधार घ्यायला लागली. लग्नाचे लाडू वळताना तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. कजोडीने पुन्हा सांगितलं, हात जोडले, डॉक्टरणीचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. नोजी म्हणाली, "तुझी निघाली हरभऱ्याएवढी. माझीही तेवढीच असेल." आणि वर, "विनायक बसला की मग बघू." म्हणजे बघायचं नाहीच.

उरलं एकच माणूस. नोजीचा नवरा, बिरधीलाल, कजोडीचा जेठ.

आता हे कसं सांगावं? आमच्याकडे धाकटी सून जेठापुढे तोंड उघडत नाही. म्हणजे पदर तर वर करत नाहीच, पण आवाजही ऐकू देत नाही. कजोडी लग्न होऊन आली तेव्हापासून एका अंगणात राहून त्या माणसाने तिचा चेहरा बघितला नव्हता, की तिच्या तोंडचा एक शब्द ऐकला नव्हता. काही सांगायचंच झालं, तर पोराला सांगायचं. पोर नसेल, तर म्हशीला सांगायचं, जेठ ऐकतो. तालुक्याला हसवणारी ही बाई आपल्या घरातल्या या एका माणसापुढे जन्मभर मुकी होती.

विनायक बसायच्या आदल्या दिवशी नोजी लग्नाच्या रीतीप्रमाणे कुंभाराकडे चाक पुजायला बायका घेऊन गेली. पाय सुजलाय म्हणून कजोडी मागे राहिली. बिरधीलाल गोठ्यात दोर वळत होता. कजोडी हातभर पदर ओढून म्हशीजवळ गेली.

"भुरे," ती म्हशीला म्हणाली, "आपल्या थोरल्या घरच्या धनीणबाई आजारी आहेत हो."

दोर वळणारा हात थांबला. म्हैस रवंथ करत होती.

"त्यांना खालून..." कजोडी म्हणाली, आणि तिथे अडली. म्हशीला सांगून हे होणार नव्हतं. हेही एक सोंगच झालं असतं, आणि सोंगात सांगितलेल्या गोष्टीचं काय होतं ते तिने बघितलं होतं. तिने पदर मागे टाकला. पांढऱ्या मिशांचा, वाकलेला, दमलेला एक म्हातारा तिला पहिल्यांदा सरळ दिसला. त्याने घाईने मान भिंतीकडे वळवली.

"जेठजी, जीजीला दिवाळीच्या आधीपासून रक्त जातंय. पाळीचं नाही. वास येतो. ती लग्न होईपर्यंत सांगणार नाही, आणि तोवर उशीर होईल. डॉक्टरीण म्हणाली, त्याच दिवशी यायचं. मी खरं सांगतेय. मी हे गमतीने सांगत नाही."

शेवटचं वाक्य तिने सवयीने म्हटलं. त्याची गरज नव्हती. या माणसाने टूंटिया कधी बघितलाच नव्हता. कजोडी हसवते हे त्याला ऐकून माहीत असेल, पण तिच्या बोलण्यावर हसायची सवय त्याला नव्हती. तो हसला नाही. भिंतीकडे बघतच म्हणाला,

"मला माहीत आहे."

कजोडीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ती पहाटे धुते. मी जागा असतो," बिरधीलाल म्हणाला. "वासही येतो. एका खोलीत निजतो आम्ही."

"मग बोलला का नाही?"

त्याने दोर पायाखाली दाबला, सोडला. "हे पुरुषाने कसं बोलायचं? मला वाटलं, तुम्ही बायका बोललाच असाल. तुमच्यात तर सगळंच बोलतात ना? टूंटियाच्या दिवशी वेशीपर्यंत हसू ऐकू येतं. मला वाटलं, जे काय आहे ते तुम्हा बायकांना ठाऊक असेल, काय करायचं ते तुम्ही करत असाल."

कजोडी उभी राहिली. तिला या माणसाचा राग यायला हवा होता. तिने आत शोधला. मिळाला नाही. नोजीचा मिळाला नाही, छीतरचा नाही, स्वतःचाही नाही. पाय खरोखरच दुखत होता, तेवढं कळत होतं. "उद्या सकाळी जीप सांगा," ती म्हणाली आणि तिने पदर पुन्हा पुढे ओढला.

पुढचं थोडक्यात सांगते. कोट्याच्या दवाखान्यात नोजीला ठेवून घेतलं. गाठ हरभऱ्याएवढी नव्हती. शेक दिले, सुयांची औषधं दिली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर आम्ही हात लावला नसता. लग्न त्याच मुहूर्ताला झालं. आईचे सगळे मान कजोडीने केले, आणि नोजीच्या भावांनी आणलेली चुनरी तशीच घडी घालून ठेवली. नोजी पावसाळ्यात घरी आली, डोक्यावरचे केस पातळ झालेले, पण चालत आली. जगली. अंगणात भिंत मात्र तिने घातली नाही.

पण सांगायचं राहिलं ते जीपमधलं. त्या सकाळी बिरधीलाल पुढे चालकाजवळ बसला होता, मागे दोघी जावा. नोजीने निघतानाच कजोडीला शिव्या घातल्या होत्या, घर बुडवलंस म्हणाली होती. मुकंदऱ्याच्या घाटाला लागेपर्यंत ती तोंड फिरवून बसली. मग इंजिनाच्या आवाजात तिने विचारलं,

"त्यांना तू सांगितलंस?"

"हो."

"तोंडाने? उघडून?"

"हो."

"काय म्हणाले? घाण म्हणाले असतील."

"नाही," कजोडी म्हणाली. "म्हणाले, मला माहीत आहे."

नोजी तिच्याकडे वळली. "कधीपासून?"

"तू पहाटे धुवायला लागलीस तेव्हापासून."

नोजीने पुढे बसलेल्या माणसाच्या फेट्याकडे बघितलं. तो वळला नाही, त्याला काही ऐकू गेलं नसावं. ती बघत राहिली. किती पहाटे ती चोरपावलांनी उठली होती, थंडीत गार पाण्याने धुतलं होतं, त्याची झोप मोडू नये म्हणून बादली जमिनीवर न आपटता ठेवली होती. आणि तो तिथेच, दोन हातांवर, डोळे मिटून जागा होता. नोजी शिव्या देईल, निदान रडेल, असं कजोडीला वाटलं. पण नोजी मांडीवरचे हात एकात एक घालून बसली, आणि कोटा येईपर्यंत तिने त्या फेट्यावरून नजर काढली नाही.